डायरीतले टर्न

सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत अण्णांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी वायर भरायचं, दुकान होतं. जळालेल्या मोटारीचं झाकण उघडलं की वॉर्निशचा आणि करपलेल्या कागदाचा एक वास सुटतो. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो वास होता. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता दुकानात जायची आणि तांब्याच्या वायरच्या रिळांवर बसून गृहपाठ करायची.

मोटार समोर आली म्हणून अण्णा लगेच छिन्नी हातात घेत नसत. आधी डायरी उघडायचे. स्लॉट किती, कॉइल कुठल्या स्लॉटात शिरते आणि कुठल्यातून निघते, जोडणी स्टार की डेल्टा, हे सगळं लिहून घ्यायचे. मग त्यातल्या त्यात धड राहिलेली एक कॉइल अलगद सोडवून तिचे टर्न, म्हणजे वायरचे वेढे, मोजायचे, एकदा स्वतः आणि एकदा मला बसवून. वायरचा बोटभर तुकडा जाळून, वरचं इनॅमल पुसून गेज बघायचे. हे सगळं कागदावर उतरलं की मगच जुनं वायंडिंग कापायला घ्यायचे.

शेतकरी घाईत असायचा. "अण्णा, ऊस वाळायलाय, घाला की लवकर." अण्णा मान वर न करता म्हणायचे, "काढाय धा मिनटं लागत्यात. मोजल्याबगर काढलं तर घालायचं काय?"

मी इंजिनिअर झाले, पुण्यात आठ वर्षं नोकरी केली आणि सांगलीला परत आले. कुपवाड एमआयडीसीत आमचं चार माणसांचं वर्कशॉप आहे. नदीवरून पाणी उचलणाऱ्या उपसा संस्थांच्या पंपांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. तीन फेजचे व्होल्टेज आणि करंट वाचायचे, जॅकवेलमधली, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतली, पाण्याची पातळी बघायची, ठरल्या वेळी पंप सुरू-बंद करायचा, फेज गेली किंवा पंप कोरडा चालू लागला तर स्टार्टर पाडायचा, म्हणजे मोटारीची वीज तोडायची, आणि झालेलं सगळं नोंदवून मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवून द्यायचं. तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर नखाएवढी चिप.

त्या चिपवर जो प्रोग्राम चालतो, त्यातला निम्म्याहून जास्त आम्ही लिहिलेला नाही. तो जगात कुणी कुणी लिहून मोकळा ठेवला आहे. खाली फ्रीआरटीओएस आहे, रिचर्ड बॅरी यांनी २००३ साली सुरू केलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. नोंदी दाबून लहान करायला झेडलिब, १९९५ पासूनची, जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची. पंपाचे नियम लिहायला लुआ ही भाषा, रिओच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली. निरोप पाठवायला एमक्यूटीटी. ही पद्धत १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी आखली गेली, कारण तिथलं सॅटेलाइटचं कनेक्शन महाग आणि भरवशाचं नव्हतं. कृष्णाकाठच्या आमच्या पाइपलाइनीला ती चपखल बसली, कारण आमच्याकडे रेंजची तीच गत आहे.

लुआबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ब्राझीलमध्ये १९७७ ते १९९२ या काळात बाहेरून संगणक आणि सॉफ्टवेअर आणण्यावर कडक बंधनं होती. जे लागेल ते घरातच घडवायचं, अशी त्या लोकांना सवय लागली, आणि त्या सवयीतून ही भाषा आली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. मला हे वाचलं तेव्हा आमच्या भागातले लेथवाले आठवले. स्पेअर मिळत नाही म्हणून कुणी रडत बसलं नाही, लोखंड धरलं आणि काढलं वळवून.

यातले बरेच प्रोग्राम ज्या घरात वाढले, ते घर मात्र आमच्या बोर्डासारखं नव्हतं. तिथे आज गिगाबाइटमध्ये मेमरी, डिस्क आणि खाली लिनक्ससारखा सांभाळून घेणारा कारभारी. आमच्या चिपवर, म्हणजे एसटीएम३२एफ४०७ वर, प्रोग्राम ठेवायला १ मेगाबाइट आणि चालताना वापरायला १९२ किलोबाइट जागा. त्यातलेही ६४ किलोबाइट अशा कोपऱ्यात की डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवणाऱ्या भागाचा, हात तिथवर पोचत नाही. तिकडचा प्रोग्राम उचलून इकडे नांदता करणं, याला आमच्या धंद्यात पोर्टिंग म्हणतात. गेली काही वर्षं माझं मुख्य काम तेच आहे, आणि ते करताना अण्णांची डायरी मला जितकी आठवते तितकं दुसरं काही आठवत नाही.

एक शब्द आधी समजावून घेऊ. रिअल टाइम म्हटलं की लोकांना वाटतं फार वेगवान काहीतरी. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ साधा आहे: ठरलेल्या वेळेच्या आत, दर वेळी. एक फेज गेली की अर्ध्या सेकंदात स्टार्टर पडला पाहिजे, हे आम्ही ठरवलं आहे. हजारदा पाव सेकंदात पडला आणि एकदा चार सेकंदांनी, तर त्या एका वेळची किंमत ज्याची मोटार आहे त्याला मोजावी लागते. आरटीओएस, म्हणजे रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, हे काम अग्रक्रमाने करतं. प्रत्येक कामाला, म्हणजे टास्कला, आपण दर्जा द्यायचा. वरच्या दर्जाचं काम उभं राहिलं की खालच्याला हातातलं तसंच टाकून बाजूला व्हावं लागतं. लिनक्सवर एरवी सगळ्यांना थोडा थोडा वाटा मिळतो, कुणी फार वेळ ताटकळत नाही. इकडे खालच्या टास्कने जन्मभर वाट बघितली तरी आरटीओएसला त्याचं सुखदुःख नाही. ते बघायचं काम लिहिणाऱ्याचं.

झेडलिबने मला पहिला धडा दिला. प्रोग्राम आणला, कंपायल केला, एकही चूक नाही. चालवला तर पहिल्याच पावलाला नकार: जागा नाही. मी मेमरी इकडून तिकडून काढून त्याला द्यायला लागले आणि दोन दिवस त्यात घालवले. मग लेखकांची मूळ टिपणं वाचायला बसले. त्यांनी हिशेब चक्क लिहून ठेवला आहे. दाबायच्या कामाला दोन आकडे लागतात. एक, मागे किती लांबवर बघायचं, म्हणजे खिडकी. दुसरा, बघितलेलं लक्षात ठेवायला किती जागा. त्यांनी धरलेल्या नेहमीच्या आकड्यांत खिडकी ३२ किलोबाइटची आहे आणि एकूण खर्च २५६ किलोबाइट आणि वर थोडी चिल्लर. माझ्याकडे मुळात होते १९२.

मग मी विचारलं की त्यांना ३२ किलोबाइट मागे का बघावंसं वाटलं? कारण त्यांच्यासमोर मोठ्या फायली होत्या. पान एकवर आलेला शब्द पान दहावर पुन्हा येईल, तो ओळखता आला तर फायदा. माझ्यासमोर काय आहे? दर पाच सेकंदांची एक ओळ: वेळ, तीन व्होल्टेज, तीन करंट, पातळी. ओळ पन्नासेक अक्षरांची, आणि मागची ओळ जवळजवळ पुढच्या ओळीसारखीच. मला २० ओळी मागे बघता आलं तरी पुरे. खिडकी १ किलोबाइटची केली, दुसरा आकडाही त्या मानाने उतरवला, आणि खर्च आला ८ किलोबाइट आणि चिल्लर. नोंदी तरीही छान दबत होत्या.

त्या दिवशी मला या लेखकांबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. १९९५ साली लिहिताना त्यांना कृष्णेचा काठ आणि आमची उपसा संस्था ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही आकडे बाहेरून बदलता येतील असे ठेवले, मेमरी कुठून आणायची हेही वापरणाऱ्यावर सोपवलं, आणि प्रत्येक आकड्याला किती जागा लागते ते लिहून ठेवलं. दाबायचं काम सुरू होतानाच हवी तेवढी जागा मागून घेतात, मध्येच हात पसरत नाहीत. कुणीतरी टर्न मोजून, कागदावर लिहून, मोटारीच्या आत चिठ्ठी ठेवून गेलं आहे असं वाटलं.

सगळेच अशी चिठ्ठी ठेवत नाहीत. बहुतेकांना आपण काय धरून चाललो आहोत हेच माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पाणी कायम नळाला असलेल्या घरात वाढलेला माणूस बादली भरून ठेवत नाही. लिनक्सवर प्रोग्रामच्या प्रत्येक धाग्याला साधारण ८ मेगाबाइटचा स्टॅक मिळतो. स्टॅक म्हणजे काम चालू असताना हातातल्या वस्तू ठेवायचा कट्टा. तिथे कुणी फाइलच्या नावासाठी सहज ४०९६ अक्षरांची जागा कट्ट्यावर मांडतं. आमच्या टास्कचा अख्खा कट्टा २०४८ बाइटचा.

आम्ही आणलेल्या एका छोट्या लायब्ररीत अशीच एक ओळ होती, पाच फंक्शनांच्या पोटात. बोर्ड दिवसा नीट चालायचा आणि रात्री कधीतरी वेडंवाकडं वागायचा. पातळीचा आकडा अचानक भलताच यायचा, एकदा तर वजामध्ये. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रामभोवती भिंत असते. कुणी आपली हद्द सोडली तर कारभारी त्याला तिथेच थांबवतो आणि कळवतो. आमच्या बोर्डावर तशा भिंती घातलेल्या नव्हत्या. सगळी कामं एका मोठ्या सोप्यात चटया टाकून बसलेली. एकाचं पाणी सांडलं की शेजारच्याची वही भिजते, आणि आपण शेजाऱ्याला विचारत बसतो की तुझी अक्षरं अशी का पसरली?

फ्रीआरटीओएसमध्ये त्यावर एक सुंदर युक्ती आहे. टास्क जन्माला घालताना त्याचा सगळा कट्टा ए५ या एकाच आकड्याने भरून ठेवतात. काही दिवस चालू द्यायचं आणि मग बघायचं की ए५ कुठवर शिल्लक आहे. जिथवर पुसले गेले, तिथवर पाणी चढलं होतं. इंग्रजीतही त्याला पुराच्या खुणेचाच शब्द आहे. आमच्या गावभागात भिंतीभिंतीवर तशा रेघा आहेत, २००५ ची एक आणि २०१९ ची तिच्याहून वर. मी त्या रात्रीच्या बोर्डाचा कट्टा उघडून पाहिला, तर एकही ए५ उरलेला नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. दुकान बुडणार हे अण्णांना आदल्या दिवशीच कळलं होतं. आम्ही वाकडी-तिकडी यादी करत होतो: वायंडिंगचं मशीन, वायरची रिळं, मेगर, घरातला टीव्ही, आईची शिलाई मशीन. अण्णांनी काहीही न बोलता कपाटातल्या डायऱ्या काढल्या, खताच्या प्लास्टिक पिशवीत घातल्या, वर सुतळीने बांधल्या आणि त्या घेऊन नातेवाइकांच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. १९८१ पासूनच्या डायऱ्या, नऊ की दहा. मशीन बुडालं. रिळं बुडाली. टीव्ही वाचला, कारण तो माझ्या भावाने उचलला.

पाणी ओसरल्यावर मोटारी यायला लागल्या. ट्रॉल्या भरभरून. काठावरच्या मोटारी पाणी चढायला लागलं की वर ओढून घेतात, पण त्या साली पाणीच असं चढलं की वर ओढलेल्या जागीही गाठलं. गाळाने भरलेल्या मोटारी, नावाच्या पट्ट्या गेलेल्या, काहींचं वायंडिंग कुणीतरी घाईत आधीच कापून टाकलेलं. तेव्हा अण्णांची डायरी उघडली. त्याच बनावटीची, त्याच ताकदीची मोटार पूर्वी कधी आली होती? सापडायची. गल्लीतले दुसरे रिवायंडर, एरवी ज्यांच्याशी गिऱ्हाइकावरून कुरबुर व्हायची ते, वही घेऊन येऊन बसायचे आणि उतरवून घ्यायचे. अण्णांनी कुणाला नाही म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्यातलं निम्मं मी मिरजेच्या म्हाताऱ्याच्या वहीतनं घेतलंय. त्यो काय पैसं घेतला न्हवता."

ओपन सोर्स हा शब्द मी पुण्यात शिकले. त्याचे परवाने, त्यांतले फरक, कुठल्या परवान्यात बदल परत द्यावे लागतात आणि कुठल्यात नाही, हे सगळं वाचलं. त्याची रीत मात्र मला आधीपासून माहीत होती, हे मला त्या ऑगस्टमध्ये कळलं.

पुराच्या पुढच्या साली आम्ही एका उपसा संस्थेचं काम घेतलं, आणि त्यातच माझ्या हातून एक मोठी चूक झाली. नोंदी ठेवायला आम्ही एक फाइल सिस्टिम आणली. तिला एक कुलूप लागतं, म्हणजे एका वेळी एकाच टास्कने फाइलला हात लावावा यासाठीची किल्ली. लेखकाने तीन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या: कुलूप बनवा, लावा, काढा. मी त्या भरल्या फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोर नावाच्या कुलपाने. चाललं. चाचण्या पास झाल्या.

कुपवाडला टेबलावर आम्ही मुद्दाम एक फेज तोडायचो आणि स्टार्टर किती वेळात पडतो ते मोजायचो. शंभरेक वेळा सगळं ठीक. मग एकदा सव्वा सेकंद लागला. पुन्हा तीनशे वेळा ठीक. मी तो सव्वा सेकंद सोडून देऊ शकले असते, आणि मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

घडत होतं ते असं. स्टार्टर पाडायचं टास्क सर्वांत वरच्या दर्जाचं. पण मी त्यात एक ओळ घातली होती: पाडण्याआधी फाइलमध्ये नोंद कर. त्या क्षणी फाइलची किल्ली नोंदी लिहिणाऱ्या खालच्या टास्ककडे असली, तर वरच्याला थांबावं लागणार. तेही ठीक, खालचा चटकन काम संपवून किल्ली देईल. पण मधल्या दर्जाचं मोडेमचं टास्क नेमकं तेव्हाच जागं झालं तर? ते खालच्याला बाजूला सारून आपलं काम करत बसतं. खालचा किल्ली खिशात घेऊन ताटकळतो, वरचा दारात उभा, आणि मधला दोघांनाही न ओळखता वेळ खातो. सर्वांत महत्त्वाचं काम सर्वांत शेवटी.

हे जगात आधी घडून गेलं आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं, आणि थोड्याच दिवसांत ते आपोआप रीसेट व्हायला लागलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स हे आरटीओएस होतं. हवामानाची माहिती गोळा करणारं खालचं टास्क किल्ली धरून बसायचं, मधली टास्क त्याला चालू द्यायची नाहीत, आणि माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं वरचं टास्क वेळेत काम पुरं करू शकायचं नाही. मग राखणदार टायमर सगळंच नव्याने सुरू करायचा. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तो प्रकार पुन्हा घडवून आणला आणि कुलपाचा एक पर्याय चालू करून पाठवला. तो पर्याय असा, की वरचा दारात थांबला असेल तर किल्ली असलेल्या खालच्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यायचा, म्हणजे मधला आडवा येणार नाही. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा यावरचा शोधनिबंध १९९० सालचा.

फ्रीआरटीओएसमध्येही दोन्ही कुलपं शेजारी शेजारी आहेत. म्युटेक्समध्ये हा दर्जा उसना देण्याचा गुण आहे, बायनरी सेमाफोरमध्ये नाही. दोन्ही वापरायची रीत जवळजवळ सारखी, म्हणून मी न बघता एक उचललं होतं. मी कुलूप बदललं. आणि दुसरी ओळही बदलली, ती माझ्या मते जास्त महत्त्वाची: आधी स्टार्टर पाड, मग लिही. ज्याचा जीव चाललाय त्याला आधी बाहेर काढायचं, पंचनामा नंतर.

लुआचा प्रकार वेगळा. संस्थेचं म्हणणं होतं की पंपाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री, कुणाच्या द्राक्षाला पाणी लवकर हवं, कुणाची लागण नवीन. दर वेळी आम्ही बोर्ड घेऊन येणं शक्य नव्हतं. म्हणून नियम लुआमध्ये लिहायचे आणि फोनवरून पाठवायचे असं ठरलं. लुआचं पोर्टिंग सुखाचं होतं. मेमरी देणारं-घेणारं फंक्शन आपलं लावता येतं, सुरुवातीलाच. कचरा गोळा करणारं कामही ते तुकड्या-तुकड्याने करतं, त्यामुळे मध्येच सगळं थांबत नाही.

एक गोष्ट मला डाचत होती. लुआ संख्या ६४ बिटांच्या धरते, आणि आमच्या चिपमधलं अपूर्णांकांचं यंत्र फक्त ३२ बिटांचं. ६४ बिटांचं गणित तिला सॉफ्टवेअरने, सावकाश करावं लागतं. लुआच्या लेखकांनी यावरही सोय ठेवली आहे. एक खूण चालू केली की सगळ्या संख्या ३२ बिटांच्या होतात. मी खूण चालू केली. वेग वाढला, मेमरी वाचली, मी खूश.

दोन आठवड्यांनी ऑपरेटर मामांचा फोन आला. काठावरच्या पंपघरात तेच असतात. त्यांच्या मनगटावर एचएमटीचं जुनं घड्याळ आहे आणि बोर्डापेक्षा त्यांचा त्या घड्याळावर जास्त विश्वास आहे. म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र वीस मिन्टं म्हणतंय, पर कवा एकोणीसला बंद पडतंय, कवा एकवीसला. पाण्याची पाळी हाय, लोकं भांडत्यात."

मी सांगितलं की मामा, घड्याळ थोडं पुढेमागे असेल. ते म्हणाले, "न्हाई. मी आठ दीस लिवून ठेवलंय." आणि त्यांनी वाचून दाखवलं. आठ दिवसांच्या वेळा, सेकंदांसकट, शाळेच्या वहीत. मी फोन कानाला लावून त्या उतरवत गेले आणि मध्येच माझा हात थांबला. कुठलाच पंप बरोबर वीस मिनिटं चालला नव्हता. काही वेळा १९ मिनिटं १२ सेकंद, काही वेळा २१ मिनिटं २० सेकंद. या दोन वेळांमधला फरक तोच: १२८ सेकंद.

आमच्या नियमात कुणीतरी वेळेला साठने भागलं होतं, मिनिटं काढायला. वेळ म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, दीडशे कोटींच्या वर गेलेली संख्या. पूर्णांक म्हणून ती ३२ बिटांत नीट मावते. पण भागाकार आला की ती अपूर्णांकाच्या साच्यात जाते, आणि ३२ बिटांच्या त्या साच्यात नेमके आकडे ठेवायला फक्त २४ बिट असतात. एवढी मोठी संख्या तिथे बसवली की ती १२८ च्या पटीत गोळा होते. बोर्डाच्या दृष्टीने काळ २ मिनिटं ८ सेकंदांच्या उड्या मारत पुढे जात होता. ६४ बिटांच्या साच्यात हे कधीच दिसलं नसतं, आणि लुआच्या लेखकांनी ६४ बिट मुळात का धरले असतील, हे मी ती खूण चालू करताना विचारलंच नव्हतं. कॉइल कापली होती, टर्न मोजले नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून पंपघरावर गेले. फोनवरूनही नवा नियम पाठवता आला असता, पण ती वही मला बघायची होती. मामांनी चहा मागवला. वही उघडली तर एका बाजूला बोर्ड काय म्हणतो, दुसऱ्या बाजूला घड्याळ काय म्हणतं, आणि तिसऱ्या रकान्यात त्या वेळी पाणी कुणाच्या रानात होतं. त्या तिसऱ्या रकान्याचा मला काही उपयोग नव्हता. पण त्यांच्या दृष्टीने तोच मुख्य होता, कारण कमी पडलेली दोन मिनिटं कुणाची, हे त्यांना त्या माणसाच्या तोंडावर सांगावं लागणार होतं.

त्यानंतर आम्ही वर्कशॉपमध्ये एक रजिस्टर ठेवलं. बाहेरून आणलेल्या प्रत्येक प्रोग्रामला त्यात चार-पाच पानं. त्यातला कुठला आकडा आम्ही बदलला, मूळ किती होता, मूळ लेखकाने तो तसा का ठेवला असावा, आणि आम्ही खाली आणल्याने काय काय बिघडू शकतं. शेवटच्या रकान्यात वेळ फार जातो. आमच्या वर्कशॉपमधला नवा मुलगा सुरुवातीला कंटाळायचा, आता तोच कधी कधी मला अडवतो. झेडलिबच्या पानावर खिडकीचा हिशेब आहे. फाइल सिस्टिमच्या पानावर सव्वा सेकंद. लुआच्या पानावर मी मामांच्या वहीतली आठ दिवसांची नोंद जशीच्या तशी उतरवली आहे, तिसऱ्या रकान्यासकट, फक्त नावं गाळून.

स्टॅकवर चार हजार अक्षरं मांडणाऱ्या त्या छोट्या लायब्ररीत आम्ही केलेला बदल लेखकाकडे परत पाठवला. जागा किती घ्यायची हे बाहेरून ठरवता यावं, एवढाच बदल, आणि टिपणात एक ओळ की या फंक्शनला किती कट्टा लागतो. लेखकाने विचारलं की २०४८ बाइटमध्ये तुम्ही खरोखर काय चालवता? मी पंपघराचा फोटो पाठवला: जॅकवेल, पाइप, मागे कृष्णा. चार दिवसांनी बदल मूळ प्रोग्राममध्ये गेला.

अण्णांनी दुकान आता त्यांच्याकडेच शिकलेल्या मुलाला दिलं आहे. नजर अधू झाली, गेजचे आकडे दिसत नाहीत. तरी रविवारी ते तिथे जाऊन बसतात. गेल्या रविवारी मी त्यांना आणायला गेले तर पाच एचपीचा एक स्टेटर समोर होता, उपसा संस्थेचाच, आमचा बोर्ड लागायच्या आधी सिंगल फेजिंगने, म्हणजे एक फेज जाऊनही चालू राहिल्याने, जळालेला आणि तसाच पडून राहिलेला. अण्णांनी डोळे मिटून बोटं आत घातली. मुलगा छिन्नी घेऊन शेजारी उभा होता. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला डायरी दाखवली. मी पेन काढलं.

"स्लॉट चोवीस. लिव. पिच... थांब, परत बघतो."

मी लिहिलेलं खोडलं नाही, फक्त थांबले. बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. अण्णांची बोटं पुन्हा पहिल्या स्लॉटपासून निघाली.